हिरवं ते गवत

कुरण बघायचं असलं की सबनीस सर कुरणाकडे पाठ करून उभे राहायचे. यात काडीची अतिशयोक्ती नाही. पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून त्यांच्या शेजारी छत्री धरून मीच उभी असायचे. मागे डोंगरउतारावर अख्खं कुरण पसरलेलं, आणि सर डांबरी रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याच कुरणाचा उपग्रहातून काढलेला फोटो टॅब्लेटवर दोन बोटांनी मोठा करून बघताहेत. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, नुसते मागे वळलात तरी दिसेल." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "लिमये, डोळ्यांना दिसतं त्याला मत म्हणतात. टॅब्लेटवर दिसतं त्याला डेटा म्हणतात." त्या दिवशी फोटोत ढग आला म्हणून आम्ही काम अर्धवट टाकून परत गेलो. डोक्यावर आकाश निरभ्र होतं.

सर मूळचे ठाण्याचे. मुंबईच्या कंपनीने तीन वर्षांसाठी जपानला पाठवलं आणि एकेक मुदतवाढ मिळवत ते अकरा वर्षं राहिले. टोकियोच्या तोयोसु भागातल्या एका उंच इमारतीत ते आमच्या विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे पुण्या-मुंबईचे सात-आठ इंजिनिअर, ज्यांच्यापैकी एकानेही कधी गाईच्या पाठीवर हात ठेवलेला नव्हता, आणि आमचं काम होतं दुभत्या गाईंच्या चराईचं ॲप बनवणं. जपानच्या उत्तरेकडे गाई हिवाळाभर गोठ्यात सुक्या चाऱ्यावर असतात. वसंतात गवत आलं की त्यांना बाहेर सोडायचं. कोणत्या दिवशी सोडायचं, यावर पुढचं सगळं वर्ष अवलंबून. लवकर सोडल्या तर कोवळं गवत मुळासकट जातं आणि ओल्या जमिनीचा चिखल होतो. उशीर केला तर गवत निबर होतं आणि गाई तोंड फिरवतात. हा दिवस ओळखायला शेतकऱ्याचा जन्म जातो. सरांनी ते काम एका तिमाहीत बसवलं होतं.

फोन उचलला की ते "हाय, सबनीस-सान देस" म्हणायचे. स्वतःच्या नावाला 'सान' लावायचं नसतं हे इथे पहिल्या आठवड्यात शिकवतात. सर अकरा वर्षं जगाला 'मी श्रीमान सबनीसराव बोलतोय' असं सांगत होते. एकाही जपानी माणसाने त्यांना टोकलं नाही, ही त्या लोकांची सभ्यता. आम्हीही टोकलं नाही, ही आमची करमणूक. गाईला ते 'युनिट' म्हणत. कुरण हे त्यांच्या मते शेवटी एक एक्सेल शीट होतं, फक्त उतारावर पसरलेलं. आणि कुठल्याही प्रश्नावर "तत्त्वतः मान्य" असं म्हणून ते तो प्रश्न टेबलाखाली सरकवून टाकत.

ॲपला गवत ओळखायला शिकवायचं म्हणून त्या हिवाळ्यात आम्ही कुरणांत जवळून काढलेल्या ढीगभर फोटोंवर खुणा केल्या. हे गवत, ही माती, हा बर्फ. निम्म्याहून जास्त फोटो माझ्या वाट्याला आले. काही फोटोंत पानं रुंद दिसत होती, गवताची वाटत नव्हती. मी सरांना विचारायला गेले. त्यांनी फोटोकडे न बघताच निकाल दिला, "हिरवं ते गवत. पुढे चला!" आमच्यातल्या एकाने हे वाक्य मीटिंग रूमच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं. सरांना ते आपलं कौतुक वाटलं. त्यांनी ते पुसू दिलं नाही.

ॲपची पहिली चाचणी उत्तरेकडच्या सेंदाई शहराहून गाडीने तासाभरावर, ओनोदेरा-सान नावाच्या शेतकऱ्याकडे होती. वय सत्तरीला टेकलेलं, एक गुडघा कायमचा दुखरा, घरात एकटे, गोठ्यात सव्वीस गाई. मार्चअखेर आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा सावलीच्या बाजूला अजून बर्फ होता. फाटकाशी पांढरी पूड पसरलेली बघून सर भारावले. "बघ लिमये, आपल्यासाठी रांगोळी घातलीय." तो चुना होता. बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून गोठ्याच्या तोंडाशी टाकतात. हे कळल्यावर सरांना रस्त्यावरच थांबायला कायमचं निमित्त मिळालं. "आपण बाहेरचे. आपण आत जाणं बरं नाही," असं म्हणत त्यांनी बुटांवर प्लास्टिकची आवरणं चढवली आणि डांबरावर ठाण मांडलं.

ओनोदेरा-सानची पद्धत सोपी होती. कुंपणाच्या तारा लावून त्यांनी कुरणाचे सहा पट्टे केले होते. रोज सकाळी एकेका पट्ट्यात जाऊन ते टाच दाबून बघत. टाच रुतली तर पुढचं बघायचंच नाही. नाही रुतली तर वाकून एकावर एक दोन मुठी जमिनीवर उभ्या धरायच्या. गवत वरच्या मुठीच्या वर आलं की गाई आत. चार बोटं उरलं की गाई बाहेर, पुढच्या पट्ट्यात. सुरुवातीला रोज फक्त एक तास, मग दोन, मग चार. सुक्या चाऱ्यावरून ओल्या गवतावर एकदम आणलं तर गाय आजारी पडते. या सवय लावण्याला इथे 'नाराशी' म्हणतात, आणि पाळणाघरात पहिल्या आठवड्यात मुलांना तासतासभर ठेवतात त्यालाही नाराशीच म्हणतात. टोकियोजवळच्या इचिकावात राहणाऱ्या प्रत्येक मराठी आईला हा शब्द रडारडीसह पाठ आहे. सर मात्र म्हणाले, "मुठी? प्रत्येकाची मूठ वेगळी. याला काही स्टँडर्ड?" मी ते जपानीत सांगितलं. ओनोदेरा-सान म्हणाले, "कुरण माझं आहे, मूठही माझी आहे."

पण त्यांनी करारावर सही केली होती. या एका वसंतात ॲप सांगेल त्या दिवशी गाई सोडायच्या. बदल्यात कुंपण आमच्याकडून नवं. त्यांचं जुनं कुंपण बर्फाने आडवं केलेलं होतं आणि आजूबाजूला मदतीला येईल असा एकही गोठा उरला नव्हता.

एप्रिलच्या अखेरीस, इथल्या मोठ्या सुट्ट्यांच्या आधी, प्रात्यक्षिक ठरलं. आमचे तीन जपानी संचालक येणार, ॲप हिरवा कंदील दाखवणार, फाटक उघडणार, गाई कुरणात, टाळ्या, फोटो. सरांची पुढच्या तीन वर्षांची मुदतवाढ याच प्रात्यक्षिकावर ठरणार होती. त्यांची मुलगी ईरा अकरावीत होती. पाच वर्षांची असताना इथे आलेली, स्वप्नंही जपानीतच पडतात असं सबनीस वहिनी सांगायच्या. शाळेचं शेवटचं वर्ष तरी इथे पूर्ण व्हावं, एवढंच त्या घराचं मागणं होतं. माझ्याही कराराचं नूतनीकरण जूनमध्ये होतं. ते मी कुणाला सांगत नव्हते.

प्रात्यक्षिकाच्या सहा दिवस आधी आम्ही पुन्हा गेलो. नकाशावर तिसरा पट्टा पोपटी हिरवा झाला होता.

"गुरुवारी युनिट्स या पट्ट्यात सोडा," सर म्हणाले.

"अजून दहा दिवस तरी नाही," ओनोदेरा-सान म्हणाले. "जमीन ओली आहे. खूर रुतला की भोक पडतं. भोकात गवत येत नाही, गिशिगिशी येते. ती खणून काढण्यात माझा उन्हाळा जातो."

"पण टॅब्लेटवर गवत दिसतंय."

"मग टॅब्लेटला चारा."

हे मी सौम्य करून सांगितलं. पण सरांना तेवढं जपानी येत होतं. त्यांचा चेहरा पडला. ओनोदेरा-साननी मान खाली घातली आणि म्हणाले, "सही केलीय. गुरुवारी सांगितलंत तर सोडेन."

त्याच वेळी सरांच्या हातून टॅब्लेटची पेन्सिल निसटली आणि घरंगळत कुंपणाखाली गेली. ती उचलायला ते वाकले ते वाकलेलेच राहिले. मला वाटलं, कमरेत उसण भरली. तेवढ्यात ते ओरडले, "लिमये! अगं, हा आंबटचुका!"

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाने खरोखरचं पान हातात घेतलं होतं. त्यांनी ते पॅंटला पुसलं आणि चक्क चावलं. "पान मोठं आहे, जरा कडवटही आहे, पण जात तीच! शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून काय भाजी होईल! आमच्या आईच्या हातची..." ठाण्याच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी हुंगून घेणारा माणूस त्यांच्या आत अजून जिवंत होता, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

"ती गिशिगिशी," ओनोदेरा-सान म्हणाले. "गाई खात नाहीत."

"आम्ही खातो," सर अभिमानाने म्हणाले.

ओनोदेरा-साननी त्यांच्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. "सगळी घेऊन जा," ते म्हणाले.

कोंबिनीच्या, म्हणजे नाक्यावरच्या दुकानाच्या, दोन पिशव्या भरून सर शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये बसले. डबाभर ओल्या मातीचा वास. शेजारच्या गृहस्थांनी हळूच जागा बदलली. मी टॅब्लेटवर हिवाळ्यात खुणा केलेले फोटो मोठे करून बघत होते, एकदा त्यांच्याकडे, एकदा पिशवीकडे. रुंद पानं. शेवटी बोलले.

"सर, तिसऱ्या पट्ट्यात ॲपने जे गवत मोजलंय, ते हे आहे."

सरांनी पिशवीत डोकावून बघितलं. "सगळं?"

"बरंचसं."

"मग गुरुवारी गाई खाणार काय?"

युनिट नाही, गाई. पिशवीचं तोंड मिटत त्यांनी विचारलं, "हे तुझ्या कधी लक्षात आलं?"

"आत्ता," मी म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं. शंका मला हिवाळ्यापासून होती. फक्त 'पुढे चला' म्हटल्यावर पुढे जाणं सोपं होतं.

रविवारी त्यांनी मला इचिकावाला घरी जेवायला बोलावलं. वहिनींनी भाजी केली होती. डाळ, दाणे, लसणाची फोडणी, सगळं यथासांग. भाजी कडू झाली होती. सर सोडून कुणीही दुसरा घास घेतला नाही. ईराने फोनवर काहीतरी शोधलं आणि जपानीत म्हणाली, "पापा, हे तण आहे. ताटात तण वाढलंय." वहिनी म्हणाल्या, "तुझे बाबा आठ दिवस झोपले नाहीयेत, निदान नीट बोल." सरांनी तिसऱ्यांदा भाजी वाढून घेतली. त्यांना ती आवडली नव्हती, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण स्वतःची चूक ताटात टाकायची नाही, असं वळण त्यांना लहानपणी कुणीतरी लावलेलं असावं.

जेवणानंतर ते गॅलरीत आले. खाली लोक सायकली लावत होते.

"लिमये, हे संचालकांना सांगायचं झालं तर कुणी सांगावं? ॲप तू बनवलंयस."

"सर, तुम्ही म्हणाल तसं," मी म्हटलं. नोकरीत मी जी काही वाक्यं शिकले त्यातलं हे सर्वांत उपयोगी.

"तत्त्वतः..." असं म्हणून ते थांबले.

बुधवारी दिवसभर पाऊस पडला. गुरुवारी उघडीप होती. तीन संचालक कोरे गमबूट घालून आले. एकाच्या बुटावर दुकानाचा स्टिकर तसाच होता. गोठ्यात गाईंना बाहेरचा वास लागला होता, त्या हंबरत होत्या. ओनोदेरा-सान फाटकाच्या साखळीवर हात ठेवून उभे होते. ते आमच्याकडे बघत नव्हते, तिसऱ्या पट्ट्याकडे बघत होते. मी छत्री घेऊन माझ्या जागी. ॲपने तिसरा पट्टा दाखवला. पोपटी हिरवा. मुख्य संचालक म्हणाले, "वा, सुंदर!"

आणि सबनीस सर डांबरी रस्त्यावरून खाली उतरले.

प्लास्टिकच्या आवरणांतले काळे लेदरचे बूट, अंगात सूट, गळ्यात ओळखपत्र. फाटकातून आत शिरून ते तीन पावलं चालले आणि चौथ्याला घोट्याच्या वरपर्यंत रुतले. पाय काढायला गेले तर दुसरा रुतला. दृश्य असं होतं की हसू दाबायला मला ओठ चावावा लागला. मग त्यांनी तिथूनच, आपल्या त्या भयंकर जपानीत, भाषण सुरू केलं.

"मी सबनीस-सान. माझं वजन ब्याऐंशी किलो. मी एवढा रुतलो. गाय सहाशे किलोची आहे." मग वाकून त्यांनी एक पान तोडलं आणि उंच धरलं. "आमचं ॲप याला गवत म्हणतं. हे गवत नाही. गाई हे खात नाहीत. मी रविवारी खाल्लं. चांगलं नाही. आज गाई सोडल्या तर यांचं वर्ष वाया जाईल. चूक माझी आहे. हिरवं ते गवत, असं मी सांगितलं होतं."

एवढं सरळ, एकाही गोल शब्दाशिवाय, मी त्यांना कुठल्याच भाषेत बोलताना ऐकलं नव्हतं. मुख्य संचालकांनी चिखलातल्या माणसाकडे पाहिलं आणि मग सावकाश माझ्याकडे वळून विचारलं, "लिमये-सान, असं आहे का?"

'हो' म्हणायला जपानीत एकच छोटा शब्द लागतो. मी म्हटलं, "तपासून सांगते."

त्यानंतर सगळ्यांना एकदम गाडीची वेळ आठवली. ओनोदेरा-साननी साखळीवरचा हात काढला, आत गेले, आणि सरांना बगलेत हात घालून बाहेर ओढलं. एक बूट आतच राहिला. परतीच्या प्रवासात सर एका पायात लेदरचा बूट आणि दुसऱ्यात ओनोदेरा-सानचा जुना गमबूट घालून बसले होते. सेंदाईच्या फलाटावर लोक नजर चुकवत होते, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्यापासून दोन माणसं सोडून उभी होते.

दहा-बारा दिवसांनी, टाच रुतेनाशी झाली तेव्हा, ओनोदेरा-साननी पाचव्या पट्ट्याचं फाटक उघडलं. मी गेले होते. सहाशे किलोच्या गाई शेपट्या वर करून वासरांसारख्या उधळल्या, आणि बरोबर तासाभराने त्यांना परत आत घेतलं. तोवर सरांच्या मुदतवाढीचा निकाल लागला होता. नकाराचं कारण 'समन्वयाचा अभाव' असं दिलं होतं. एक संचालक म्हणाले, मनुष्य चांगला, पण ताण सहन झाला नाही. मी हिवाळ्यातल्या सगळ्या फोटोंवर नव्याने खुणा केल्या, ॲपला गिशिगिशी ओळखायला शिकवली आणि अहवाल दिला. अहवालात 'तपासणीअंती आढळले की' असं लिहिलं. कुणाला आधी आढळलं होतं ते लिहायला रकाना नव्हता. जूनमध्ये माझा करार वाढला आणि खिडकीजवळचं टेबल मला मिळालं. फळ्यावरचं वाक्य मी पुसलं.

जूनअखेरीस सर ठाण्याला परत निघाले. इचिकावाच्या स्टेशनवर मी पोचवायला गेले. पाच बॅगा, वहिनी, आणि ईरा. तिने कानात इयरफोन घातले होते, आणि माझ्याकडे एकदा बघून ती जी वळली ती पुन्हा वळली नाही. आठवड्यापूर्वी शाळेत मैत्रिणींनी निरोप देताना ती दोन तास रडत होती, असं वहिनींनी हळूच सांगितलं. माझ्याजवळ सरांना सांगायचं खूप होतं. आदल्या दिवशी मी आरशासमोर उभं राहून ते म्हणूनही पाहिलं होतं. मी सुरुवात केली, "सर, त्या दिवशी मी..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. खांद्यावर थोपटून म्हणाले, "कळलं होतं मला. तू डोकं चालवलंस. दोघांनी बोलून दोघंही गेलो असतो. एक जण आत राहायला हवा होता ना ॲप दुरुस्त करायला? मी चिखलात उभा होतो तेव्हाच मनात म्हटलं, शाब्बास लिमये! नुसतं 'तपासून सांगते' म्हणाली, काय शांत पोरगी आहे."

गाडी आली. त्यांनी बॅगा चढवल्या, दारातून पुन्हा वाकून विचारलं, "तसंच होतं ना?"

मी म्हटलं, "हो सर."